काचेच्या कापडाची गाडी

कोंडीराम खरातला कुणी "जमणार नाही" म्हटलं, की आधी त्याचे कान तापायचे आणि मग हात शिवशिवायचे. तोंड मात्र गप्प. त्यामुळे भोईवाड्यात निम्म्या लोकांना वाटे, माणूस स्वभावाने थंड आहे. थंड कसला! राखेखालचा निखारा थंड असतो तेवढाच.

परळच्या एका मोटार गॅरेजात तो पत्रा ठोकायचा. चेपलेला दरवाजा, पिचकलेलं मडगार्ड, काहीही त्याच्यापुढे टाका, तो हातोडीने गोंजारून सरळ करायचा. त्याआधी नऊ वर्षं तो गिरणीत रिंग खात्यात होता, आणि त्याचे वडील नाना तर त्याच खात्यात पंचेचाळीस वर्षं काढून घरी बसले होते. रिंग खात्यात सूत कातलं जातं. कापड विणलं जातं ते विणाई खात्यात. तिथे पगार जास्त, मान जास्त, आणि खरातांना तिथे मज्जाव. का, तर मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावं लागतं. ज्याची सावली चालत नाही त्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? असा सगळा सोवळा हिशेब.

नाना तरुण होते तेव्हा एकदा दाराशी घरंगळत आलेला धोटा उचलून द्यायला गेले. खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, तो धोटा दुसऱ्याकडून धुवून घेतला आणि नानांना खात्याच्या उंबऱ्यावरून हाकललं. पंचेचाळीस वर्षं कापडाच्या गिरणीत राबलेल्या माणसाचा हात मागावरच्या कापडाला एकदाही लागला नाही. नाना ही गोष्ट सांगायचे तेव्हा हसत सांगायचे. कोंडीरामला त्या हसण्याची चीड यायची. बापाने रडावं असं त्याला वाटत नव्हतं, पण हसू तरी नये.

साठ सालचा मार्च सुरू झाला आणि महाराष्ट्राचं राज्य एक मे रोजी होणार हे पक्कं झालं. भोईवाड्यात नुसता आनंदीआनंद. पुढच्या चाळीत मंडळाची सभा भरली. मंडळाचे चिटणीस अप्पा, गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून, अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं तुपासारखं. त्यांनी मिरवणुकीचा क्रम वाचून दाखवला. सगळ्यांत पुढे वाहनं, मग लेझीम, मग महिला, मग एकेक चाळ. आणि सर्वांत शेवटी मागची चाळ.

मागची चाळ म्हणजे कुणाची, हे सांगायची गरज नव्हती. कोंडीराम उठून उभा राहिला.

"अप्पा, आम्ही शेवटी का?"

"अरे, शेवटी म्हणजे काय कमी का? कुणीतरी शेवटी असणारच की."

"छप्पनच्या जानेवारीत ह्याच राज्यासाठी लाठ्या खाल्ल्या तेव्हा अशी रांग नव्हती लावली कुणी," कोंडीराम म्हणाला आणि त्याने डावा हात वर केला. त्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी होती.

सभा जराशी चुळबुळली. अप्पा कसलेले. ते हसून म्हणाले, "हे बघ, क्रम मी केलेला नाही, सोयीने झालाय. वाहनवाले पुढे, एवढाच नियम. तुमच्याकडे वाहन असेल तर तुम्हीही या पुढे! कोण नाही म्हणतंय?"

लोक हसले. मागच्या चाळीत सगळ्या मिळून दोन सायकली होत्या आणि त्यातल्या एकीला सीट नव्हती.

"वाहन असेल तर पुढे. हे ठरलं?"

"ठरलं रे बाबा."

"मग आणतो," कोंडीराम म्हणाला आणि खाली बसला.

बोलून तर गेला होता. घरी त्याची बायको चंपा कपाळावर हात मारून म्हणाली, "गाडी आणनार? चुलीवरची भाकरी हाय व्हय ती?" पण तिचेही डोळे चमकले होते, ते त्याला दिसलं.

गाडीचा सांगाडा त्याच्या नजरेसमोर होताच. गॅरेजच्या मागच्या अंगणात चौतीस सालची एक फोर्ड पाच पावसाळे भिजत पडली होती. इंजिन धड, चाकं धड, पण बॉडी गंजून तिची चाळण झालेली. मालक कधीचा म्हणत होता, कुणीतरी हे धूड हलवा. कोंडीरामने मागितलं तेव्हा त्याने कागदपत्रांसकट देऊन टाकलं. चाळीतल्या बाप्यांनी ती दोर लावून ढकलत भोईवाड्यात आणली आणि मागच्या अंगणात नळाशेजारी उभी केली. गंजका पत्रा हात लावताच बिस्किटासारखा तुटत होता. नवा पत्रा घ्यायचा तर त्याला परमिट लागे, आणि परमिट मिळेपर्यंत तिसरी पिढी म्हातारी व्हायची.

मार्ग काढला तुळशीदासने. तुळशीदास वरळी कोळीवाड्यातला, होड्या बांधणारा सुतार. दोघांची दोस्ती छप्पन सालच्या पोलीस व्हॅनमध्ये झालेली. एकाचं डोकं फुटलेलं, दुसऱ्याचं बोट मोडलेलं, आणि दोघांत मिळून एक विडी. तुळशीदास सध्या माझगावला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात जात होता. एका रविवारी तो हातगाडीवर एक जाडजूड गुंडाळी आणि चार डबे घालून आला.

"यो बघ. काचेचं कापड," तो म्हणाला. "परदेशी बोटीचं काम झालं, उरलेलं सायबानं देऊन टाकलं. ह्यावर डब्यातली राळ चोपडायची, राळंत बाटलीतलं औषध घालायचं. घटकाभरात लोखंडावानी कडक. गंज नाय, परमिट नाय."

कोंडीरामने कापडावरून हात फिरवला. पांढरंशुभ्र, थंडगार, आणि खरोखर विणलेलं. आडवा धागा, उभा धागा, सगळं दिसत होतं. काच विणतात हे त्याला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

"पण गाडीचा आकार कसा द्यायचा?"

"होरी उलटी घालून बांधतो आम्ही. तशीच गाडी बांधू. गाडीला काय शिंगं हायत?"

मग खोक्यांच्या फळ्यांच्या बरगड्या झाल्या, त्यांवर गोणपाट, गोणपाटावर प्लास्टर. पालथी गाडीच जणू. चार सीटांची गाडी: पुढे कोंडीराम आणि नाना, मागे चंपा आणि धाकटी बहीण सुमेधा. प्लास्टर घासून घासून गुळगुळीत केलं, वर मेण चोळलं, म्हणजे कडक झालेलं कवच नीट सुटून यावं. तुळशीदासने एका पत्रावळीएवढ्या तुकड्यावर करून दाखवलं. तासाभरात तो तुकडा दगडासारखा वाजायला लागला. कोंडीरामने त्यावर हातोडी मारली, हातोडी उडाली. तेव्हापासून तो चाळीत थोडा छाती काढून चालू लागला.

पुढच्या रविवारी तुळशीदासला कारखान्यात जावं लागलं. तो बजावून गेला, "मी येईपर्यंत हात लावू नको." पण दम धरेल तो कोंडीराम कसला. एप्रिल उजाडला होता, ऊन छान तापलं होतं. त्याने गुंडाळी उलगडली आणि कात्री चालवली.

कापताच कापडातून बारीक तंतू उडायला लागले. हात खाजू लागले, मान खाजू लागली. नळावर आलेल्या बायका ओरडल्या, "अगं बाई, काय उडवतोय ह्यो! पोरांच्या डोळ्यांत जाईल!" कोंडीराम हसला. तंतू उडणं त्याला नवीन नव्हतं. नऊ वर्षं त्याने दुसरं काय पाहिलं होतं? गिरणीत सूत कोरडं पडलं की तुटतं आणि तंतू उडतात, म्हणून खात्यात सारखी पाण्याची वाफ सोडतात. ओलं सूत शहाणं सूत. गिरणगावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. त्याने नळाखालून बादली भरली, पाण्याचे हबके मारून सगळं काचेचं कापड दमट केलं, आणि ते लागलीच गप्प बसलं. मग औषध घातलेली राळ ब्रशाने चोपडत, थरावर थर देत दुपारपर्यंत त्याने प्लास्टरची गाडी गुंडाळून टाकली. कुणीही न शिकवता. त्याला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

संध्याकाळी तुळशीदास आला तेव्हा गाडीला दह्यासारखा रंग आला होता. तुळशीदासने नखाने एक कड उचलली. थर ओल्या पोस्टरासारखा सरसर सुटून हातात आला. दुसरा थर, तिसरा थर, सगळे चिकट, फुगलेले, एकमेकांना न धरलेले. निम्म्याहून जास्त गुंडाळी गेली होती. चारातले अडीच डबे गेले होते.

"पानी मारलंस?" तुळशीदासने विचारलं. त्याला राग आवरत नव्हता. "आरं, राळंचं आनी पान्याचं हाडवैर! होरीवाल्याला इचारायचं तरी!"

आवाज ऐकून सुमेधा खाली आली. सुमेधा कॉलेजात शिकत होती. पाळण्यातलं नाव वेगळं होतं. धम्मदीक्षेनंतर तिने स्वतःच हे नाव घेतलं आणि घरातल्या सगळ्यांना ते म्हणायला लावलं. तिने रिकामा डबा उचलला आणि वरचं इंग्रजी वाचलं.

"दादा, इथे पहिल्याच ओळीत लिहिलंय. कापड पूर्ण कोरडं असावं. मला का नाही विचारलंस?"

"कापडातलं मला कोण शिकवणार? जन्म गेला माझा कापडात."

"कापडात?" सुमेधा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "सुतात म्हण. कापडापर्यंत आपल्याला पोचू कुणी दिलं?"

कोंडीराम नळाच्या कठड्यावर बसला. हे खरं होतं आणि ते त्याच्याच बहिणीने त्याच्याच तोंडावर सांगितलं होतं. ज्या खात्याच्या दारातून बापाला हाकललं, त्या खात्याचा अभिमान तो उगाचच मिरवत होता. त्याला अप्पांचा राग येत होता त्याहून जास्त स्वतःचा आला. गॅलरीतून कुणीतरी खिदळलं, "काय रे कोंड्या, दुधाची गाडी केलीस काय?" दुसऱ्या दिवशी ही गोष्ट पुढच्या चाळीत पोचलीसुद्धा. अप्पा भेटले तेव्हा त्यांनी फार प्रेमाने विचारलं, "मग, पुढे येताय ना?"

त्या प्रेमानेच काम केलं. संध्याकाळी कोंडीराम सुमेधाकडे डबा घेऊन गेला आणि म्हणाला, "वाच. पहिल्यापासून. मी शिकतो." तिने वाचलं, त्याने ऐकलं. औषध किती, ऊन किती, कापड कसं वाळवायचं, हवा दमट असेल तर थांबायचं. बत्तीस वर्षांचा बाप्या धाकट्या बहिणीपुढे मांडी घालून बसला होता आणि त्याला त्यात काहीही कमीपणा वाटत नव्हता. कमीपणा अडाणी राहण्यात होता, तो भोगून झाला होता.

उरलेलं कापड मोजलं. चार सीटांना पुरत नव्हतं. तुळशीदासने पेन्सिल कानावरून काढली, प्लास्टरच्या गाडीवर पुढच्या सीटामागे एक रेघ मारली आणि करवत घेतली.

"अर्धी होरी पान्यात बुडतं," तो म्हणाला, "पन अर्धी गाडी रस्त्यावर चालतं."

मागच्या दोन सीटा गेल्या. चंपाची आणि सुमेधाची. कोंडीरामला ते सांगताना चंपाकडे बघवेना. ती म्हणाली, "आमी चालू की. गाडीच्या पुडं चालू. मागं चालनारी न्हाई, ते आधीच सांगते."

या वेळी कापड दोन दिवस पत्र्याच्या छपरावर कडक उन्हात वाळवलं. तंतू उडाले ते उडू दिले. कोंडीरामने तोंडाला फडकं बांधलं, अंगाला खोबरेल तेल चोळलं, आणि सगळं अंग खाजत असताना थर दिले. चंपा रोज कडुलिंबाचं पाणी तापवून ठेवायची आणि "खरजेची गाडी" म्हणून शिव्या घालायची. तिसरा थर वाळला, तुळशीदासने कडेला पाचर घातली, एक हलका ठोका दिला, आणि कवच मेणावरून अलगद सुटून वर आलं. वाटलं होतं, चार माणसं लागतील. दोघांनीच ते उचलून फोर्डच्या सांगाड्यावर बसवलं.

मग घासणं. पॉलिश पेपर आणि पाणी, आता पाणी चालत होतं. खड्ड्यात लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरायची, घासायचं, पुन्हा भरायची. पंधरा दिवस गॅरेजातून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत हेच. दारं कापली नव्हती, तेवढं कवच मजबूत राहावं म्हणून. आत जायचं तर कडेवरून पाय टाकून जायचं. टप नाही, मडगार्ड नाहीत, पुढे इंजिन उघडं, मागे होडीसारखा गोल पार्श्वभाग. गॅरेजचा मालक बघायला आला आणि ओरडलाच, "अरे, ही तर हॉट रॉड! अमेरिकेत पोरं घरी बांधतात असल्या गाड्या!" कोंडीरामला अमेरिकेचं काही पडलं नव्हतं. त्याने गाडीला निळा रंग दिला. कुठला निळा, हे मागच्या चाळीत कुणी विचारलं नाही.

एक मेच्या सकाळी त्याने नानांना उचलून आत बसवलं. नाना धुतलेलं धोतर, काळा कोट आणि टोपी घालून तयार होते, पण अंग चोरून बसले होते, कुणाची तरी जागा चुकून घेतल्यासारखे. आतल्या बाजूला रंग लावला नव्हता. नानांचा हात सहज तिथे गेला आणि थांबला. त्यांनी पुन्हा हात फिरवला.

"लेका, ईन लागतीया हाताला," ते म्हणाले. "कापडाची ईन."

"हो नाना."

"कुनी ईनलं आसंल रं?"

"कुणास ठाऊक. पण गाडी आपण केली."

गाडी सुरू झाली तेव्हा आवाजाने अख्खी मागची चाळ गॅलरीत आली. पुढे चंपा आणि सुमेधा, दोघींच्या अंगावर पांढरी पातळं. मागे चाळीतले बाप्ये, बायका आणि वरळीहून मुद्दाम आलेला तुळशीदास, डोक्याला लाल टोपी. गाडी फटफटत पुढच्या चाळीसमोर आली आणि सजवलेल्या ट्रकच्याही पुढे जाऊन उभी राहिली. लेझीमवाले थांबले. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. छप्पन साली लाठ्या खाल्लेले पुढच्या चाळीतलेही तिघे-चौघे होते, ते धावत येऊन कोंडीरामच्या पाठीवर थापा मारून गेले.

अप्पा आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. माणूस हुशार, शब्द मोडणारा नव्हता, वाकवणारा होता. त्यांच्यासोबत समारंभाचे पाहुणे होते, गळ्यात हार घातलेले एक जाडसर गृहस्थ.

"कोंडीराम, मानलं तुला! झकास गाडी," अप्पा म्हणाले. "पुढेच राहायची ही, शब्द म्हणजे शब्द. फक्त एक कर. पाहुण्यांना हिच्यात बसवू. उघडी गाडी आहे, लोकांना दिसतील तरी. तूच चालव, मान तुझाच. नानांना जरा उतरव, ते आपले मागून सावकाश येतील."

कोंडीरामचे कान तापले. गाडी पुढे चालेल, त्याच्या हाताने चालेल, आणि बाप पुन्हा शेवटी. त्याने नानांकडे पाहिलं. नानांचा हात कडेवर गेला होता आणि ते उठायला लागले होते. कुणी 'सरक' म्हटलं की विचाराच्या आधी अंगच सरकायचं, पंचेचाळीस वर्षांची सवय. आता जे बोलायचं ते बोलायला त्याने तोंड उघडलं.

पण नानांचा हात कडेवर थबकला होता. तळवा विणीवर टेकला होता. ते तसेच अर्धवट उठलेले क्षणभर राहिले, आणि मग खाली बसले. या वेळी नीट, टेकून, सीट भरून.

"अप्पासाहेब," नाना म्हणाले, "पाव्हन्यांचं पाय धड हायत नव्हं?"

"अं? हो, धड आहेत. म्हणजे काय?"

"मग येऊ द्या की मागनं चालत. पंचेचाळीस वरसं मी चाललो. मेलो न्हाई."

ट्रकवरचा एकजण फस्सकन हसला. पाहुण्यांनी इकडेतिकडे बघितलं, हार सारखा केला आणि निमूटपणे गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. चंपाने पदर खोचला आणि चालायला सुरुवात केली.

"हळू घे रं जरा," नाना म्हणाले. "मागं मानसं हायत."

कोंडीरामने न ऐकल्यासारखं केलं आणि गिअर टाकला.